घड्याळाने वाढवून दिलेल्या कॅलरी खायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, बैठी नोकरी. रोज पहाटे सहा ते पावणेसात चालणं होतं. मनगटावरचं घड्याळ जेवण नोंदवायच्या ॲपला जोडलेलं आहे. चालून आल्यावर घड्याळ १८९ कॅलरी खर्च झाल्या म्हणतं, पण ॲप ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून फक्त ५१ वाढवून देतं. रात्री आठला तोच आकडा २३७ झालेला असतो, झोपून उठल्यावर कालच्या खात्यात १८० उरलेले दिसतात, आणि रविवारी तर उणे होतो. यातलं खरं काय, आणि या वाढीव कॅलरी खायच्या की सोडून द्यायच्या?

आधी उत्तर देते, मग कारणं. सध्या यातल्या निम्म्या खा. चार आठवडे जेवण आणि वजन नेमाने लिहा. त्यानंतर तुमच्यासाठी हे ‘निम्मं’ बरोबर आहे का, हे तुमच्याच आकड्यांवरून काढता येतं. ती रीत खाली दिली आहे.

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो, की ॲडजस्टमेंट म्हणजे व्यायामाच्या कॅलरी असं धरलं जातं. तसं नाही. ती दोन अंदाजांमधली वजाबाकी आहे: एक अंदाज ॲपचा, दुसरा घड्याळाचा. ॲपने तुमच्या नोंदणीच्या दिवशीच दिवसभराचा खर्च ठरवून टाकलेला असतो. घड्याळ तो दिवसभर मोजत राहतं. दोन्हींत जो फरक पडतो, तो ॲडजस्टमेंट म्हणून दिसतो.

तुमचेच आकडे घेऊ. (इथे सगळीकडे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी.) बरीच ॲप १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. बायकांसाठी ते असं: १० × वजन (किलो), अधिक ६.२५ × उंची (सेंटिमीटर), वजा ५ × वय, वजा १६१. पुरुषांसाठी शेवटच्या ‘वजा १६१’च्या जागी ‘अधिक ५’. तुमच्यासाठी ७२० + ९८७.५ − १९० − १६१ = साधारण १३५७. हा बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलात तरी चोवीस तासांत लागणारी ऊर्जा. ‘बैठं काम’ निवडलं की मायफिटनेसपालसारखं ॲप याला १.२५ने गुणतं: १६९६. आठवड्याला पाव किलो घटवायचं लक्ष्य असेल तर रोज २७५ वजा. हाती उरतात १४२१. हीच तुमची दिवसाची मर्यादा.

आता १६९६ला २४ने भागा. ताशी जवळपास ७१ येतात. ॲपच्या हिशेबात तुम्ही मध्यरात्रीपासून दर तासाला ७१ खर्च करता, झोपेतसुद्धा. घड्याळाला मात्र तुम्ही झोपलेल्या दिसता, म्हणून ते ताशी ५६.५च धरतं. सकाळी सहा वाजता ॲपच्या खात्यात खर्च ४२४, घड्याळाच्या खात्यात ३३९. म्हणजे डोळे उघडायच्या आधीच तुम्ही ८५ने मागे आहात. मग पाऊण तास चाललात, घड्याळाने १८९ धरले. त्याच पाऊण तासासाठी ॲपने आधीच ५३ धरले होते, म्हणून नवी भर १३६ची. १३६मधून मागचे ८५ गेले, उरले ५१. ॲपने काही कापून घेतलेलं नाही, हिशेब चोख आहे.

रात्री आठचंही तेच. घड्याळात तोवर १६५०, ॲपच्या अपेक्षेप्रमाणे १४१३, फरक २३७. दिवसाचे उरलेले चार तास ॲप आपल्याच दराने धरून चालतं. तुम्ही मात्र जेवून बसता, आडव्या होता, आणि घड्याळ त्या चार तासांचे २२६च मोजतं. मध्यरात्री घड्याळाची बेरीज १८७६, ॲपचे १६९६, फरक १८०. संध्याकाळच्या २३७मधले ५७ असे विरून जातात. म्हणून रात्रीच्या जेवणाला तो आकडा पाहून ताट वाढत असाल, तर मध्यरात्रीपर्यंत जितके तास उरलेत त्यांना १४ने गुणून तेवढे आधी वजा करा. हे १४ तुमच्यासाठी आहेत. स्वतःसाठी काढायचे तर बीएमआरचा चौथा हिस्सा करून त्याला २४ने भागायचं; ॲपमध्ये ‘बैठं काम’ निवडलेलं असेल तरच हे लागू.

यातून आणखी एक गोष्ट कळते. घड्याळ चालण्याचे जे १८९ दाखवतं, त्यात बसून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या अशा ४२ आहेत. व्यायामाचा आकडा जसाच्या तसा जेवणात मिळवणारे हे ४२ दोनदा मोजतात. ॲडजस्टमेंटमध्ये ही चूक होत नाही. त्या अर्थी ती व्यायामाच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाची आहे.

उणे आकडा आणि ‘ॲक्टिव्हिटी लेव्हल’

‘बैठं काम’ निवडू की ‘हलकी हालचाल’, यावर लोक फार डोकं खाजवतात. पुढचं गणित पाहा. ‘हलकी हालचाल’ला गुणक १.४, म्हणजे दिवसाचा खर्च १८९९ आणि मर्यादा १६२४. त्याच दिवशी घड्याळाचे १८७६ आले, तर ॲडजस्टमेंट उणे २३, खायच्या १६०१. ‘बैठं काम’ ठेवलं असतं तर १४२१ + १८० = १६०१. दोन्हीकडून तेच, कारण शेवटी हिशेब एकच उरतो: घड्याळाने मोजलेला दिवसाचा खर्च वजा २७५.

पण हे जुळतं ते उणे ॲडजस्टमेंट चालू असेल तरच. मायफिटनेसपालमध्ये ती सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागते. बंद असेल तर ॲप उण्याच्या जागी शून्य दाखवतं. समजा रविवारी पाऊस आहे, घरातच लोळणं झालं आणि घड्याळाचे १५०० आले. ‘हलकी हालचाल’ आणि उणे बंद, अशा स्थितीत ॲप १६२४ खा म्हणेल. त्या दिवशी २७५ची तूट राहण्याऐवजी १२४ जास्त जातील. आठवड्यातले असे दोन दिवस अख्ख्या आठवड्याच्या तुटीतला मोठा वाटा खाऊन टाकतात, आणि ‘ॲपने सांगितलं तेवढंच खाते, तरी वजन हलत नाही’ ही तक्रार तयार होते. माझा सल्ला: ‘बैठं काम’ निवडा आणि उणे ॲडजस्टमेंट चालू करा.

उणे आकडा दिसला म्हणून उपाशी मात्र राहायचं नाही. वरच्या रविवारी तुमच्या वाट्याला १४२१ − १९६ = १२२५ येतात. बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५००च्या खाली डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. उणे फारच आलं, तर आधी एकच बघायचं: घड्याळ चार्जिंगला लावून विसरलात का? मनगटावर नसेल तेवढा वेळ ते नुसता बीएमआर धरतं.

घड्याळाचा आकडा येतो कुठून

कुठलंही मनगटी घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते हाताची हालचाल टिपतं, हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्तप्रवाहाची ठोके-लय टिपतं, आणि तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची मिसळून कंपनीच्या सूत्रातून एक आकडा काढतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली ७ मनगटी उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. हृदयाचे ठोके सातांपैकी सहांनी ५ टक्क्यांच्या आत बरोबर दिले. कॅलरींमध्ये मात्र सगळ्यांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के. ती मॉडेलं आता जुनी झाली. पण ठोके मोजायचे आणि कॅलरी अनुमानाने काढायच्या, ही रीत आजही तीच आहे.

ठोके ऑक्सिजनच्या वापराबरोबर वाढतात, यावर सूत्राची सगळी भिस्त असते. ठोके दुसऱ्या कारणाने वाढले की आकडा फुगतो. मे महिन्यातली मुंबईची दमट हवा किंवा विदर्भातलं ऊन असेल, तर त्याच वेगाने चालूनही ठोके जास्त पडतात. कडक चहा-कॉफी, अपुरी झोप, ताप, बैठकीतला ताण, सगळ्यांचा परिणाम तोच. उलट रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके दाबलेले राहतात आणि घड्याळ खर्च कमी दाखवतं. वजन उचलायच्या व्यायामात ठोके चढतात पण ऑक्सिजनचा वापर त्या मानाने चढत नाही; त्यात मनगट वळलं की सेन्सरचा त्वचेशी संपर्क तुटतो. सूर्यनमस्कारातही तेच होतं. या दोन्हींच्या आकड्यांवर मी जेवणाचा हिशेब ठरवू देणार नाही.

हालचालीच्या बाजूनेही गफलती आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी, पोळ्या लाटणं, आरतीच्या टाळ्या, हे सगळं काही घड्याळं पावलांत धरतात. याउलट ट्रेडमिलचा दांडा धरून चाललात, बाळाची गाडी ढकलत गेलात किंवा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या, तर पावलं कमी भरतात. सायकलवर तर पावलं जवळपास नसतातच.

दोन साध्या चाचण्या करून घ्या. सपाट रस्त्यावर मनात मोजून ५०० पावलं चाला आणि घड्याळातली वाढ पाहा. २५पेक्षा जास्त फरक असेल तर ‘डावा-उजवा हात’ हे सेटिंग तपासा. मग अर्ध्या तासाच्या दुचाकी किंवा रिक्षाच्या प्रवासाआधी आणि नंतर पावलं नोंदवा. तिथे दोन-चारशे पावलं पडत असतील, तर रोजच्या येण्याजाण्याची भर कुठून येते ते कळेल. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही इतका घट्ट हवा. चालताना आणखी एक भोक आवळा.

सपाट रस्त्यावरचा आकडा ताडून पाहायला एक सोपा मापदंड आहे. चालताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे निव्वळ अर्धी कॅलरी, पळताना साधारण एक. ७२ किलोच्या माणसाला ४ किलोमीटर चालण्याच्या निव्वळ १४४ पडतात. घड्याळ याच चालीचे ३५० दाखवत असेल तर काहीतरी चुकलंय.

चढाचं गणित वेगळं. सिंहगड पायथ्यापासून पायवाटेने जवळपास ६०० मीटर चढावा लागतो. ७२ किलो वजन ६०० मीटर वर नेण्याचं यांत्रिक काम सुमारे १०० कॅलरींचं आहे. स्नायूंना खर्च केलेल्या ऊर्जेतला चौथा-पाचवा हिस्साच कामी लावता येतो, म्हणून चढाचा खर्च ४०० ते ५०० पडतो. नुसती पावलं धरणाऱ्या बँडला चढ समजत नाही आणि तो हा आकडा निम्म्यावर आणतो. ठोके मोजणारं घड्याळ, विशेषतः उन्हात, भलतीकडे नेतं. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही आहेच. ते जरूर खा. फक्त ‘आज घड्याळाने ११०० दिल्यात’ या हिशेबाने दुसरी प्लेट भजी मागवू नका.

जी चूक ॲडजस्टमेंटमध्ये दिसतच नाही

आपल्याकडच्या शरीरांना ही बाब जास्त लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेवढ्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्या एका चित्राने जगाला दिसलं. पडून राहतानाचा खर्च मुख्यतः स्नायू आणि अवयव करतात, चरबी फार थोडा करते. सूत्राला मात्र फक्त वजन माहीत असतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही भारतीयांच्या ऊर्जेच्या गरजा ठरवताना बीएमआर आंतरराष्ट्रीय सूत्रापेक्षा ५ टक्के कमी धरला होता. तुमच्या १३५७चे ५ टक्के म्हणजे ६८ कॅलरी, रोज.

आता पाहा, ही चूक ॲपमध्येही आहे आणि घड्याळातही, कारण दोघं बीएमआर सूत्रावरूनच घेतात. वजाबाकी केली की ती दोन्हीकडून कटते. ॲडजस्टमेंट स्वच्छ दिसते आणि चूक १४२१च्या मूळ मर्यादेत बसून राहते. घड्याळ कितीही महागाचं घ्या, ती तिथेच राहणार. ती उघडी पाडायला वजनकाटाच लागतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट शरीराच्या भरपाईची. १७५४ प्रौढांच्या मोजमापांवरचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात खर्च घड्याळाने नव्हे, तर खास समस्थानिकांचं (त्याच मूलद्रव्यांच्या जड अणूंचं) पाणी पाजून मोजला होता. दैनंदिन जगण्यातला खर्च मोजायची ही सर्वांत विश्वासाची पद्धत. हालचालीत जादा खर्च झालेल्या दर १०० कॅलरींमागे दिवसाच्या एकूण खर्चात सरासरी ७२चीच भर पडते, असं त्यात आढळलं. उरलेल्या २८ शरीर दुसरीकडे आवरून घेतं. १३६च्या चालण्याचे असे ९८ उरतात. यावर घड्याळाची नेहमीची वाढीव मोजणी धरली, की ‘निम्म्या खा’ हा सल्ला का टिकून आहे ते लक्षात येतं.

वजन घटवण्याच्या कार्यक्रमात घड्याळ दिल्याने आपोआप फायदा होतो, असंही नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या २०१६च्या चाचणीत ४७१ तरुणांना २ वर्षं पाहिलं. दंडावर बांधायचं उपकरण मिळालेल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने घटलं, न मिळालेल्यांचं ५.९ किलोने.

दुहेरी मोजणी

आकडा अचानक खूप मोठा दिसला तर बहुधा पुढच्यापैकी एक घडलेलं असतं. घड्याळाने टिपलेलं चालणं तुम्ही ॲपमध्ये हातानेही ‘वॉकिंग, ४५ मिनिटं’ म्हणून भरलं, आणि वेळ चुकीची टाकली. पावलं घड्याळातूनही येतायत आणि खिशातल्या फोनमधूनही. किंवा घड्याळ, फोनचं आरोग्य ॲप आणि पळण्याचं ॲप, तिन्ही एकाच ठिकाणी तोच व्यायाम पाठवतायत. पावलांचा आणि व्यायामाचा स्रोत एकच ठेवा, बाकीच्यांच्या परवानग्या काढून टाका. हाताने भरायचं ते फक्त घड्याळ मनगटावर नसताना केलेलं, जसं पोहणं, आणि तेही अचूक सुरुवातीच्या वेळेसकट.

वजन घड्याळाच्या ॲपमध्ये ७८ आणि जेवणाच्या ॲपमध्ये ७२ असं राहिलेलंही खूपदा सापडतं. नुसत्या या फरकाने रोज ७० ते ८० कॅलरींची खोटी भर पडते. परदेशातून सुट्टीला आलेल्यांनी किंवा इथून दुबई-अमेरिकेला गेलेल्यांनी दोन्हीकडचा टाइम झोन तपासावा. तो जुळत नसेल तर अर्धा दिवस एका तारखेला आणि अर्धा दुसऱ्या तारखेला पडतो, आणि ॲडजस्टमेंट एक दिवस उणे पाचशे, दुसऱ्या दिवशी अधिक सहाशे अशी उड्या मारते.

जेवणाची बाजू

खर्चाच्या बाजूला एवढं खणून जेवणाच्या बाजूला ‘एक वाटी भाजी’ लिहून मोकळं होणं, यात सगळी मेहनत वाया जाते. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीला साधारण १०० कॅलरी, वर अर्धा चमचा तूप लावलं की १२०. ॲपच्या यादीतली ‘चपाती, ७०’ तुमच्या घरची नसते. कोरडं पीठ एकदा तोलून, पोळ्या किती झाल्या ते मोजून भागाकार करा, महिनाभर पुरतो. भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागत असेल तर २०० धरा. २५ ग्रॅम दाण्याचं कूट १४०. साबुदाण्याची खिचडी ‘उपवासाची’ म्हणून न लिहिणं हा तर नेहमीचा प्रकार: ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि टेबलस्पूनभर तूप मिळून ५००च्या पुढे जातं.

तेल ताटात दिसत नाही, म्हणून ते महिन्यावर काढा. घरात चौघं आणि महिन्याला ३ लिटर तेल संपत असेल, तर ते सुमारे २७६० ग्रॅम, म्हणजे २४,८४० कॅलरी. माणशी दिवसाला २०७. तुमच्या नोंदीत तेलाच्या दिवसाला ४० कॅलरी दिसत असतील तर उरलेल्या १६७ कुठे गेल्या ते समजलं. तुमची रात्री आठची भलीमोठी ॲडजस्टमेंट २३७ची आहे, हे शेजारी ठेवून पाहा.

स्वतःचा आकडा काढायची रीत

डिजिटल वजनकाटा फरशीवर, गालिच्यावर नाही. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन घ्या आणि लिहा. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका. सात दिवसांची सरासरीच वापरा. खारट जेवण, बद्धकोष्ठता, जास्त चालल्यावर स्नायूंत साठणारं पाणी, यांनी एक-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. उपवासात पटकन घटणारं वजनही बरंचसं पाण्याचंच असतं: शरीरातल्या साठवणीच्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, साखर वापरली गेली की तेही जातं, आणि पारण्याच्या जेवणानंतर परत येतं. पाळीच्या आधी तर पाणी धरतंच. म्हणून बायकांनी निदान चार आठवडे मोजावं आणि पाळीच्या त्याच टप्प्याशी तुलना करावी. तीन आठवड्यांत ‘काहीच घटलं नाही’ याला अजून अर्थ नाही.

समजा चार आठवडे झाले. पहिल्या आठवड्याची सरासरी ७२.४ किलो, चौथ्याची ७१.८. दोन सरासऱ्यांमध्ये २१ दिवसांचं अंतर (आठवड्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरायचं, २८ नाही). घट ०.६ किलो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणून ४६२० भागिले २१, म्हणजे रोजची खरी तूट २२०. रोजच्या जेवणाची नोंदलेली सरासरी १५९० असेल, तर तुमचा खरा खर्च १५९० + २२० = १८१०.

याच दिवसांची घड्याळाची सरासरी पाहा. समजा ती १९३० आली. घड्याळ रोज १२० जास्त दाखवतंय. ॲडजस्टमेंटची सरासरी १९३० − १६९६ = २३४ होती, त्यातल्या १२० पोकळ, ११४ खऱ्या. इथे ‘निम्मं’ बरोबर ठरलं. तुमच्या आकड्यांत कदाचित पाव येईल, कदाचित सगळंच. आलं ते घ्या. पोकळ भाग अख्ख्या ॲडजस्टमेंटपेक्षाही मोठा निघाला, तर जितका मोठा निघाला तेवढी मूळ मर्यादाच खाली आणावी लागते.

या रीतीचा एक मोठा गुण आहे. तुम्ही रोज १०० कॅलरी नोंदवायला विसरत असाल, तरी रोज सारख्याच विसरत असलात तर उत्तर चालतं. तुमची विसराळू नोंद, घड्याळाची चूक, सूत्राचे ५ टक्के आणि शरीराची भरपाई, सगळं त्या एका १८१०मध्ये सामावलेलं असतं. मात्र सोमवार ते शुक्रवार काटेकोर आणि शनिवार-रविवार कोरे, अशी नोंद असेल तर हे गणित कोसळतं. लग्नातलं जेवण अंदाजाने का होईना, लिहा.

पुढे मी तुम्हाला रोजची ॲडजस्टमेंट बघायचंच सोडायला सांगेन. १८१० वजा २७५, म्हणजे रोज १५३५ ही स्थिर मर्यादा ठेवा आणि घड्याळावर फक्त आठवड्याची सरासरी पाहा. ती नेहमीइतकीच असेल तर काही बदलू नका. गड चढलात किंवा दिवसभर घरसामान हलवलंत, अशा दिवशी नेहमीच्या सरासरीच्या वर जे येईल त्यातलं निम्मं त्या किंवा दुसऱ्या दिवशी खा, विशेषतः भूक लागली असेल तर. चार किलो घटले की सूत्राने बीएमआर ४० आणि दिवसाचा खर्च ५०ने उतरतो, तेव्हा पुन्हा हिशेब करा. घड्याळ बदललं तर गुणोत्तर नव्याने काढावं लागेल.

काहींनी यात पडण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर चालणं वाढवून जेवण घटवल्यावर साखर धोकादायक उतरू शकते. औषधाचं प्रमाण आधी ठरवून घ्या. स्तनपान करणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि घड्याळाला याचा पत्ता नसतो, म्हणून तिच्यासाठी वरचं काहीच लागू नाही. गरोदरपणात हा हिशेब करूच नये. आणि आकडा उणे दिसला की जेवण गळ्याखाली उतरत नाही किंवा ‘कमावल्याशिवाय’ खायला भीती वाटते, असं होत असेल तर ॲपची घड्याळाशी जोडणी आजच तोडा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.